रिकामा वेळ होता म्हणून नमाज पढली?

निपाणीची विद्यार्थिनी: काल या ग्रुपवर एकानं लिहिलं, ‘लॉकडाऊनमध्ये कॉलेजची मुसलमान पोरं धार्मिक झाली, कारण करायला दुसरं काही नव्हतं.’ रात्रभर डोक्यातून गेलं नाही. 2020 चा रमजान 25 एप्रिलला लागला, मशिदी बंद. ऑनलाइन तासाला रेंज पाहिजे म्हणून मी गच्चीवर, सहरीनंतर, म्हणजे रोजाआधीच्या पहाटेच्या जेवणानंतर, असाइनमेंट. रिकामा वेळ कुठला? रात्री तरावीला, म्हणजे रमजानच्या रात्रीच्या नमाजेला, अब्बा इमाम म्हणून पुढं उभे राहायचे, मागं अम्मी नि मी. आमच्या मशिदीत बायकांना जागा नाही. जमातीत, सगळ्यांसोबत नमाजेला, उभं राहणं काय असतं ते मला त्या महिन्यात कळलं.

खानापूरकर: तुमचं असेल. मी हॉस्टेलवरून आलो, पाच वक्ताची नमाज धरली, परीक्षा संपल्या तशी सुटली. ती भीती होती, श्रद्धा नव्हे.

चिकोडीचे सर: भीती नि श्रद्धा एवढी वेगळी काढता येते? शामच्या, म्हणजे सीरियाच्या, वाटेवर साथ कळल्यावर दुसरे खलिफा हजरत उमर मागं फिरले. ‘तकदीरीपासून पळता?’ विचारल्यावर म्हणाले, अल्लाहच्या एका तकदीरीकडून दुसरीकडं जातोय. घरी नमाज पढणं हाही दीनच.

कोल्हापुरात शिकणारा: दीन राहू द्या, महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळी नाक्याचं बोला. 2021 मध्ये चाळीसेक किलोमीटरवरच्या घरी यायला कोरोनाची आरटीपीसीआर चाचणी! नाक्यावरची सूचना निव्वळ कन्नडमध्ये. अर्धा दिवस उन्हात, तोंडाला रोजा.

खानापूरकर: कर्नाटकात राहता, एवढं कन्नड शिका की.

कोल्हापुरात शिकणारा: मला येतं. माझ्या अब्बांना येत नाही, आणि मला न्यायला तेच आले होते. साठ वर्षं इथं राहिलेल्या माणसाला शिका म्हणून सांगू नका.

चिकोडीचे सर: आवाज खाली. सूचना मराठीतही हवी होती, हे खानापूरकरांनाही पटेल.

खानापूरकर: बरं, हवी होती. पण नाक्याचा नि नमाजेचा काय संबंध?

कोल्हापुरात शिकणारा: नाक्याचा नसेल, भीतीचा आहे. 2020 मध्ये दिल्लीत निजामुद्दीनच्या तबलिगी मरकजमधून कोरोना पसरल्याच्या बातम्यांनंतर वर्गाच्या ग्रुपवर एकानं मला विचारलं, ‘तू जाऊन आलास काय?’ मी कधी दिल्ली बघितली नाही. त्या रात्री मुसल्ल्यावर, नमाजेच्या चटईवर, बसून रडलो. त्याला भीती म्हणा, काहीही म्हणा. माझी नमाज तेव्हापासून सुटली नाही.

खानापूरकर: तुझ्यापुरतं मानतो. सगळ्यांचं नाही.

निपाणीची विद्यार्थिनी: सगळ्यांचं मीही म्हटलं नव्हतं. मशिदी उघडल्या, अब्बा तरावीला तिकडं जायला लागले. अम्मी नि मी अजून घरीच पढतो. आता पुढं अम्मी उभी राहते, हे अब्बांना परवा सांगितलं. ते काही बोलले नाहीत.