मदत हवी आहे: एकाच पेशंटची दोन रेकॉर्ड्स मर्ज केल्यावर परत वेगळी कशी करायची?

छोट्या क्लिनिक्ससाठी पेशंट रेकॉर्डचं सॉफ्टवेअर बनवतोय, डेटाबेस पोस्टग्रेस. अडलंय ते डुप्लिकेट पेशंटवर. नाव, जन्मतारीख, फोन जुळवून संशयित जोड्या काढतो, पण एकच फोन अख्ख्या घराचा असतो, जन्मतारीख माहीत नसली की काउंटरवर सरळ 1 जानेवारी टाकतात, म्हणून आपोआप मर्ज बंद ठेवलंय, शेवटचा निर्णय माणूसच घेतो. युनिक आयडी सक्तीचा करा असं कुणी म्हणेल, पण बेशुद्ध पेशंट आला तर आयडी कुठून आणायचा?

खरी काळजी मर्जनंतरची आहे. एका रेकॉर्डमध्ये पेनिसिलिनची ॲलर्जी लिहिलीय आणि दुसऱ्यात 'ॲलर्जी नाही' वर टिक, अशा वेळी दोन्ही नोंदी ठेवून डॉक्टरला लाल पट्टी दाखवतो, इथे सॉफ्टवेअरने परस्पर काही ठरवू नये असं माझं ठाम मत आहे.

आधी सगळ्या व्हिजिट्स एका आयडीवर हलवून बघितल्या, पण मग मर्ज चुकीचं निघालं तर कुठली व्हिजिट कुणाची तेच कळेना. आता एफएचआयआरमधल्या (आरोग्याच्या डेटाची देवाणघेवाण करायचं स्टँडर्ड) पेशंट रिसोर्सच्या, म्हणजे तिथल्या पेशंटच्या रेकॉर्डच्या, लिंकसारखं केलंय, जुनं रेकॉर्ड जागच्या जागी आणि त्यावर 'रिप्लेस्ड बाय' ची खूण, म्हणजे याऐवजी आता कुठलं रेकॉर्ड वापरायचं ते. काहीही डिलीट करायचं नाही आणि ऑडिट लॉग (कुणी, कधी, काय बदललं याची नोंद) हवाच, या दोन अटी पक्क्या.

आता प्रश्न एवढाच, की मर्ज झाल्यानंतर लिहिलेल्या नोट्स आणि प्रिस्क्रिप्शन्स अनमर्ज करताना कुठल्या पेशंटकडे द्यायच्या, हे तुम्ही प्रत्यक्षात कसं हाताळता?