दुखापतग्रस्त, दुखापतप्रवण आणि उलटलेली दुखापत

(फुटबॉलच्या बातम्यांतल्या मराठी शब्दांवरची चर्चा. आडवाट, चौकट, पोटरी, उंबरा, कडवा ही बोलणाऱ्यांची टोपणनावं.)

आडवाट
फुटबॉलच्या बातम्यांत ‘दुखापतग्रस्त’ हा शब्द दोन अर्थांनी येतो. आज ज्याचा पाय दुखावलाय तोही दुखापतग्रस्त आणि दर हंगामात ज्याचं काही ना काही दुखावतं तोही दुखापतग्रस्त. दुसऱ्या अर्थाला वेगळा शब्द आहे का? आणि तीच जागा पुन्हा दुखावली तर काय म्हणावं?

चौकट
ग्रस्त म्हणजे ग्रासलेला. पूरग्रस्त, अपघातग्रस्त, तसा दुखापतग्रस्त. म्हणजे जे घडून गेलंय त्याच्या तावडीत असलेला. वारंवार घडण्याकडे कल असेल तर ‘प्रवण’ आहेच: अपघातप्रवण वळण, अवर्षणप्रवण भाग. त्या धर्तीवर ‘दुखापतप्रवण’ बिनदिक्कत लिहावं.

पोटरी
माझ्या मते त्याहून मोठा घोळ ‘मांडीचा स्नायू दुखावला’ या वाक्यात आहे. मांडीत स्नायूंचे तीन गट आहेत आणि ते तीन वेगळ्या प्रसंगी दुखावतात. पुढचा गट लांब किक मारताना. आतला, जांघेकडचा, झटक्यात दिशा बदलताना किंवा चेंडूसाठी पाय आडवा ताणताना. मागचा गट म्हणजे हॅमस्ट्रिंग, त्यात तीन स्नायू. हा भरधाव धावताना जातो. पुढे फेकलेला पाय जमिनीला टेकायच्या जरा आधी हे स्नायू ताणलेले असतात आणि त्याच वेळी पायाला लगामही घालत असतात. फाटतात ते तिथे.

इंग्लंडचा आघाडीवीर मायकेल ओवेन याचा एप्रिल १९९९मध्ये लीड्स क्लबविरुद्ध फाटला तो हा मागचा स्नायू. वय १९, आणि सगळा खेळ वेगावर. २००१चा बॅलन डी’ओर (युरोपातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा किताब) त्याला नंतर मिळाला हे खरं, पण हॅमस्ट्रिंगने पुढे त्याची पाठ सोडली नाही आणि बचावपटूंच्या मागच्या मोकळ्या जागेत सुसाट घुसणारा खेळाडू हळूहळू गोलसमोर नेमक्या क्षणी हजर राहणारा झाला. ‘मांडीचा स्नायू’ एवढंच लिहिलं तर हा बदल का झाला ते वाचकाला कळतच नाही.

जाता जाता: पोटरीत गोळा येणं ही दुखापत नव्हे. तो ताणून, चोळून काही मिनिटांत जातो.

आडवाट
मग लचकणं, मुरगळणं, फाटणं, तुटणं यांची वाटणी कशी करावी?

पोटरी
स्नायूवर ताण येतो किंवा तो फाटतो. सांधा मुरगळतो, लचकतो. तेव्हा ताणला जातो तो अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारा पट्टा. स्नायूला हाडाशी जोडते ती कंडरा. अस्थिबंध आणि कंडरा यांना ‘तुटणं’ शोभतं. ‘स्नायुबंध’ मात्र टाळावा, लोक तो दोन्हींसाठी वापरतात.

उंबरा
पुन्हा दुखावण्याला मराठीत तयार क्रियापद आहे: उलटणे. ताप उलटला, दुखणं उलटलं, तशी दुखापत उलटली. ब्राझीलच्या रोनाल्डोच्या उजव्या गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा नोव्हेंबर १९९९मध्ये इंटर या इटालियन क्लबकडून खेळताना फाटली. शस्त्रक्रिया झाली. एप्रिल २०००मध्ये लात्सिओ क्लबविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरला आणि काही मिनिटांतच तीच कंडरा पूर्ण तुटली. ही उलटलेली दुखापत. २००२च्या विश्वचषकात त्याने ८ गोल केले ते त्यानंतर.

‘चिघळणे’ वेगळं, त्यात जंतुसंसर्ग हवा. स्पेनचा फुटबॉलपटू सांती काझोर्ला याच्या टाचेमागच्या कंडरेचा सुमारे ८ सेंटिमीटर भाग संसर्गाने खाल्ला, तिथे ‘चिघळली’ अक्षरशः खरं आहे.

‘बरा झाला’ हेही जपून लिहायला हवं. गुडघ्यातला पुढचा फुलीबंध (फुलीसारख्या दोन अस्थिबंधांपैकी पुढचा, एसीएल) तुटल्यावर त्या जागी बहुधा खेळाडूचीच कंडरा बसवतात. सूज आणि वेदना काही आठवड्यांत ओसरतात, पण बसवलेली कंडरा मुरायला कित्येक महिने लागतात आणि मधल्या काळात ती उलट कमजोर होते. म्हणून साधारण ९ महिन्यांच्या आत सामना नको म्हणतात. शिवाय दुखऱ्या पायाच्या मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के भरली पाहिजे, एका पायावरच्या उड्याही तितक्याच लांब पडल्या पाहिजेत. चौथ्या महिन्यात तो ‘बरा’ असेल, ‘सज्ज’ नसतो. हे दोन शब्द अदलाबदलीने वापरू नयेत.

चौकट
उंबरा, ‘उलटणे’ चपखल आहे. ते वाचून माझ्याच ‘दुखापतप्रवण’बद्दल शंका आली. त्या शब्दाने सगळा दोष खेळाडूच्या शरीरावर जातो. प्रशिक्षक बदलला, नव्याची पद्धत चेंडू गेला की लगेच अंगावर जाऊन घेरण्याची असली, की प्रत्येकाच्या भरधाव धावा वाढतात. सराव टप्प्याटप्प्याने न वाढवता पहिल्याच आठवड्यात हे सुरू झालं तर मागचे स्नायू फाटणारच. रस्त्याचं वळण अपघातप्रवण असतं, गाडी नव्हे. तसा इथे सराव दुखापतप्रवण म्हणायला हवा.

(अशा घेरण्याच्या खेळाला, म्हणजे ‘प्रेसिंग’ला, ‘दडपण’ लिहितात ते मला पटत नाही. दडपण मनावर येतं. ‘घेरणे’ बरं.)

कडवा
प्रशिक्षकाच्या बाबतीत ‘शैली’पेक्षा ‘पद्धत’ योग्य. शैली खेळाडूची, पद्धत त्याला कुठे उभं करायचं ते ठरवते. २००१मध्ये ब्रेशिया या इटालियन क्लबात आक्रमक मध्यरक्षकाची जागा रोबेर्तो बाज्जोकडे होती, म्हणून प्रशिक्षक कार्लो मात्सोने यांनी मध्यरक्षक आंद्रेआ पिर्लोला बचावफळीच्या पुढ्यात खेळवलं. पुढे मिलानमध्येही तो तिथेच खेळला. पाय तेच, नजर तीच. मागे उभं राहिल्याने समोर सगळं मैदान दिसू लागलं. याला ‘मागे ढकललं’ लिहू नये, त्यात शिक्षेचा वास येतो. ‘मागे आणलं’ म्हणावं.

आडवाट
आभार. मग बातमीतलं वाक्य असं चालेल का: ‘उजव्या मांडीच्या मागच्या स्नायूची दुखापत सहा आठवड्यांत उलटली’?

पोटरी
चालेल. कोणता पाय, कोणता भाग, पहिली की उलटलेली, सगळं आलं. धावताना की किक मारताना, तेवढं जोडा.