दुकानाचा जीमेल डेटा लीकमध्ये सापडला, सुरुवात कुठून करू?

हळदपेठ_सांगली: मार्केट यार्डात अडत दुकान आहे. जीएसटी, बँक, फेसबुक पेज, ऑनलाइन खरेदी, सगळीकडे एकच जीमेल दिलाय. क्रोम आता सांगतंय की पासवर्ड लीक झालाय. तोच पासवर्ड थोड्याफार फरकानं सात-आठ ठिकाणी आहे. दुकानातला कॉम्प्युटर मी आणि दिवाणजी दोघं वापरतो. आधी काय बदलू?

कृष्णाकाठ: दादा, आधी जीमेल. बाकी खात्यांचं 'पासवर्ड विसरलो'चं पत्र तिथंच येतं, त्यामुळं जीमेल गेला की सगळंच गेलं. थोड्याफार फरकाचा उपयोग नाही. लीक झालेली ईमेल-पासवर्डची जोडी प्रोग्रॅम शेकडो साइटवर आपोआप टाकून बघतात, आणि शेवटी 1 लावणं, a च्या जागी @ टाकणं हे प्रकार त्यांना पाठ असतात. 2020 मध्ये बिगबास्केटच्या सुमारे 2 कोटी ग्राहकांची माहिती बाहेर गेली, तसल्या याद्या वर्षानुवर्षं फिरत राहतात.

एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून नवा पासवर्ड करा. मग टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय) चालू करा, पण एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप घ्या. त्यात दर 30 सेकंदाला 6 आकडी कोड बदलतो. कोड बरोबर असूनही नाकारला तर फोनचं घड्याळ पुढं-मागं झालेलं असतं. वेळ 'ऑटोमॅटिक'वर ठेवा. फोन हाताशी नसेल तेव्हासाठी गूगल 10 बॅकअप कोड देतं, ते कागदावर उतरवून तिजोरीत ठेवा. त्याच जीमेलच्या ड्राइव्हमध्ये ठेवू नका, अडचणीच्या वेळी तेच उघडणार नाही.

सातारा_नेटवर्क: थांबा, दुकानाच्या कॉम्प्युटरवरून यातलं काहीच करू नका. त्यात क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर असेल तर पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम आत असू शकतो, मग नवा पासवर्डही लगेच बाहेर. तो ब्राउझरमधल्या कुकीज, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या फाइली, उचलतो. त्या कुकीजवर लॉगिन आधीच झालेलं असतं, म्हणून ओटीपी विचारलाच जात नाही. स्वतःच्या फोनवरून बदला आणि 'तुमची डिव्हाइस' यादीत अनोळखी दिसेल ते साइन आउट करा.

जीमेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर नक्की बघा. घुसलेला माणूस बँकेची पत्रं स्वतःकडं वळवून ठेवतो. पासवर्ड बदलला तरी ती वळवलेली वाट तशीच राहते, आणि बहुतेक जण इथंच चुकतात.

हळदपेठ_सांगली: दोघांचंही आभार. पण दिवाणजींना ई-वे बिल (माल पाठवताना लागणारं जीएसटीचं ऑनलाइन बिल) काढावं लागतं, फेसबुकवर भाव टाकावे लागतात. त्यांना पासवर्ड न देता कसं जमवायचं?

कृष्णाकाठ: ई-वे बिल पोर्टलवर त्यांच्या मोबाइल नंबरावर सब-युजर (तुमच्या खात्याखालचं वेगळं लॉगिन) काढा, फक्त बिल तयार करण्याची परवानगी द्या. फेसबुक पेजवर त्यांच्या स्वतःच्या खात्याला ॲक्सेस देता येतो. बँकेत चालू खातं असेल तर शाखेत 'मेकर-चेकर' सोय विचारा: दिवाणजी एंट्री करतील, मंजुरी तुमच्या फोनवरून.

सातारा_नेटवर्क: आणि रिकव्हरीला लावलेला नंबर तुमच्याकडं चालू आहे ना, बघा. बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देते. तुमच्या नावावर किती सिम आहेत ते सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर दिसतं. अचानक रेंज गेली आणि शेजारच्या दुकानात तीच कंपनी चालू असेल, तर कुणीतरी तुमच्या नंबराचं दुसरं सिम काढल्याची शंका धरा. लगेच बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच क्षणी फोन लावा, कारण पुढच्या खात्यातून काढून घेण्याआधीच ते गोठवता येतात.