हाताने बनवलेल्या पूल क्यूची किंमत कशी ठरवू? मदत हवी आहे

दोन वर्षांपासून लेथवर पूल क्यू (बिलियर्ड्ससारख्या पूल या खेळाची काठी) बनवतोय. सहा पूर्ण झाले: मेपल लाकडाचा शाफ्ट (क्यूचा पुढचा निमुळता भाग), क्यूची एकूण लांबी 58 इंच, साधारण 19 औंस वजन, टोकाला 13 मिमीची चामड्याची टिप. जडावकाम अजून करत नाही. चार क्यू ओळखीच्या खेळाडूंना फक्त सामानाच्या खर्चात दिले. ते खूश आहेत, पण त्यांच्यामार्फत येणाऱ्यांनाही आता तोच भाव हवाय. फोटो टाकले की कौतुक होतं, ऑर्डर येत नाही.

खरी अडचण वेळेची. लाकूड पुढे वाकू नये म्हणून शाफ्ट लेथवर एकदम बारीक करत नाही. थोडा बारीक करून काही आठवडे ठेवतो, मग पुन्हा. हा थांबण्याचा काळ किमतीत धरतात का, की फक्त हाताचे तास? कारखान्यातल्या क्यूशी स्पर्धा करायची नाहीये. आणि उरलेले दोन विकावेत, की एखाद्या क्लबमध्ये लोकांना खेळून बघायला ठेवावेत?