मदत हवी आहे: जेरोमच्या चित्राची नक्कल, निळ्या भिंतीपाशी अडलंय

फ्रेंच चित्रकार ज्याँ-लेओं जेरोमच्या ‘द स्नेक चार्मर’ (गारुडी) या चित्राची (साधारण १८७९) हौसेखातर तैलरंगात नक्कल करतेय. माणसं, साप जमलेत. अडलंय मागच्या भिंतीपाशी. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातल्या इझनिक (तुर्कस्तानातल्या इझनिक गावच्या, रंगीत नक्षीच्या) टाइल्सवरून घेतलेली ती भिंत मूळ चित्रात झिजलेली, तरी चकाकती दिसते. माझी मात्र नवीकोरी बाथरूम वाटते! कोबाल्ट ब्लूमध्ये किंचित व्हिरिडियन (निळसर हिरवा) घेतलाय. वाळलेल्या थरावर बर्न्ट अंबरचं (गडद तपकिरी रंगाचं) पातळ ग्लेझ, म्हणजे पारदर्शक थर, द्यावं, की निळ्यातच करडेपणा आणून भिंत पुन्हा रंगवावी? जेरोमचे फटकारे तर दिसतच नाहीत, त्याला कोणता ब्रश लागेल? वरच्या पट्टीतली अरबी अक्षरं कशी उतरवायची, तेही सांगा. नुसतं वळण गिरवणं मनाला पटत नाही. (कॅनव्हासच्या मागे ‘जेरोमवरून नक्कल’ असं लिहिणारच आहे.)