स्कीइंगसाठी 'गरम आणि वॉटरप्रूफ' असं एकच जॅकेट घेऊ नका

बालाघाटी

दिवाळी झाली की दरसाली हाच प्रश्न येतो. बीड, लातूर, नांदेडची पोरं गुलमर्ग नाहीतर औलीचा स्कीइंग कोर्स धरतात आणि विचारतात, "गरमही पाहिजे, वॉटरप्रूफही पाहिजे, असं एखादं जॅकेट सांगा." माझं मत सरळ आहे, पटत नसेल तर भांडा. मराठवाड्यात राहणाऱ्यानं दोन्ही कामं करणारं जॅकेट विकत घेऊच नये.

एक तर ते कोर्सचे दिवस सोडले तर वर्षभर कपाटात पडून राहणार. परभणीत पहाटे कितीही गारठा पडू दे, सकाळी दहानंतर पॅडिंगवालं स्की जॅकेट अंगावर ठेववत नाही. दुसरं म्हणजे आतला कापूस जॅकेटलाच शिवलेला असतो. उकडलं तर काढायचं काय? पूर्ण जॅकेट काढलं तर बर्फ अंगावर.

त्यापेक्षा बिनपॅडिंगचं, फक्त पाणी आणि वारा अडवणारं शेल घ्या. आत फ्लीस, म्हणजे मऊ लोकरीसारखं उबदार कापड, त्याच्या आत अंगालगतचं थर्मल. थंडी वाढली की आतला थर वाढवा, घाम आला की कमी करा. हेच शेल जुलैत गौताळ्यात चालतं, सह्याद्रीतल्या ट्रेकला चालतं. लेबलवरचा पाण्याचा आकडा १०,००० मिमीच्या खाली घेऊ नका. त्याचा अर्थ असा की कापडावर दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी आत यायला नको. मला विचाराल तर १५,००० ते २०,००० च्या दरम्यानचं बघा.

गोदाकाठ

दादा, तुमचं गणित सतत चालणाऱ्या माणसाचं आहे, शिकणाऱ्याचं नाही.

पहिल्यांदा शिकणारा दिवसभर करतो काय? रांगेत उभा राहतो, सर दाखवतात ते बघतो, दहा पावलं घसरतो, पडतो, उठतो, परत रांगेत. अंगात ऊब तयार व्हायला हालचालच पुरेशी होत नाही. गुलमर्ग गाव सुमारे २,६५० मीटरवर आहे आणि गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर जवळपास ३,९५० मीटरपर्यंत नेतो. उंचीच्या दर किलोमीटरमागं तापमान साडेसहा अंशांनी उतरतं असं धरलं तरी वर आठेक अंशांचा फरक पडतो, आणि वाऱ्याचं तर मी अजून बोललोच नाही. शिकणारे खालच्या उतारावरच असतात हे मान्य, पण शेवटच्या दिवशी गोंडोलात बसून वर गेल्याशिवाय कोण परत येतं?

आणि तुमचं ते तीन थरांचं शास्त्र कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात आपला माणूस सगळ्यात आत सुती बनियन घालतो. वरून हजारोंचं शेल घातलं तरी घामानं ओलं झालेलं बनियन पाठीला गार चिकटून राहणार. पॅडिंगवाल्या जॅकेटात निदान चूक करायला जागा कमी.

सोयाबीन_भाव_काय

दोघांनाही हात जोडून विचारतो, घ्यायचंच कामून? मनालीजवळच्या सोलांगच्या रस्त्याला ओळीनं दुकानं आहेत, जॅकेट-पँटचा सूट अन् गमबूट भाड्यानं मिळतात. गुलमर्गलाही मिळतात. बरं जॅकेट घ्यायचं तर पाच-सात हजार तरी जातात, नावाजलेल्या मेम्ब्रेनचं, म्हणजे पाणी अडवून वाफ सोडणाऱ्या आतल्या पातळ पडद्याचं घेतलं तर वीस-पंचवीस हजारांच्या वर जातंय. एवढ्यात आमच्या घरचं खत-बियाणं बसतं. सच्चखंडचं तिकीट काढा, दिल्ली गाठा, पुढं जा, भाड्यानं घ्या, शिका, परत या. आवडलं तर पुढच्या साली बघू.

मांजराकाठची

भाड्याचे ते सूट मी घातलेत, म्हणून बोलते. फोटो काढायला अन् तासभर बर्फात लोळायला ठीक आहेत. दिवसभराच्या कोर्सला नाहीत. वरचं कोटिंग कधीच गेलेलं असतं, शिवणीतून पाणी येतं, आणि काल कोणाच्या अंगावर होतं ते नाकाला लगेच कळतं. बायकांच्या मापाचं तर नावच घेऊ नका. पुरुषांचं छोटं माप दिलं की झालं त्यांचं काम. खांद्यात लोंबतं, कमरेत अडकतं, आणि त्या फटीतून बर्फ आत जातो.

पण तुम्ही सगळे जॅकेटावर का अडलात हेच मला कळेना. शिकणारा पडतो कुठं? बुडावर आणि गुडघ्यावर! अंगाचा भार पडला की ओल्या बर्फातलं पाणी तिथूनच कापडातून आत दाबलं जातं. पैसे मोजकेच असतील तर पँट चांगली घ्या, जॅकेट मध्यम चालेल. पँट गळायला लागली तर अंगावर कुठलंही जॅकेट असू दे, दुपारपर्यंत खोलीवर परत.

कापड_गिरणी

माझा धंदा कापडाचा, तेव्हा थोडं बोलतो.

लेबलवरच्या मिलिमीटरवर लोक भाळतात, शिवणीकडं कोणी बघत नाही. सुई गेली तिथं भोक पडतंच. चांगल्या जॅकेटात आतून प्रत्येक शिवणीवर टेप मारलेली असते. स्वस्तात फक्त खांद्यावर, हूडवर, महत्त्वाच्या शिवणींवरच टेप असते, आणि लेबलवर मात्र २०,००० झळकतं. दुकानात जॅकेट उलटं करून बघा, दोन मिनिटांचं काम.

दुसरा आकडा वाफेचा. एक चौरस मीटर कापडातून २४ तासांत किती ग्रॅम वाफ बाहेर जाते तो. १०,००० असला तरी शिकणाऱ्याला चालतो. मात्र हा आकडा काढायच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत, त्यामुळं एका कंपनीचा आकडा दुसरीशी ताडून भांडू नका. काखेत चेन असेल तर ती उघडून जेवढी वाफ जाते तेवढी कुठलंही मेम्ब्रेन सोडत नाही.

तिसरी गोष्ट, जिच्यावर सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. नव्या जॅकेटावर पाण्याचे थेंब मोती होऊन घसरतात, ते मेम्ब्रेनमुळं नाही, वरच्या पाणी झटकणाऱ्या लेपामुळं. तो लेप धूळ, घाम अन् साध्या धुण्याच्या पावडरनं मंदावतो. मग वरचं कापड पाणी पितं, वाफ बाहेर जायची थांबते, आतला घाम आतच थिजतो आणि माणूस म्हणतो, जॅकेट गळतंय. खरं तर मेम्ब्रेन शाबूत असतं. सौम्य द्रव साबणानं धुवा, भरपूर पाण्यात खळबळून काढा, कपडे मऊ करायचं ते कंडिशनर अजिबात घालू नका. लेबलवर परवानगी असेल तर ड्रायरमध्ये मंद उष्णतेवर फिरवा, लेप पुन्हा जागा होतो.

आता आपल्या भागाचं. जॅकेट आणलं, धुतलं नाही, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याखालच्या खोलीत ट्रंकेत टाकलं. मे महिन्यात ती खोली भट्टी, जुलै-ऑगस्टात तिथंच दमट हवा. पॉलियुरेथेनचं कोटिंग आणि शिवणीच्या टेपा अशा उष्ण-दमट जागी हळूहळू सुटतात, चिकट होतात, पापुद्रे निघतात. कधीतरी लागेल म्हणून भारीचं घेऊन ठेवणाऱ्यानं हे आधी ऐकावं. स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून, हँगरला, घरातल्या गार खोलीत.

बालाघाटी

बघा, गिरणीवाल्या काकांनी माझंच म्हणणं मांडलं. वापरलंच नाही तर जॅकेट पडून पडून खराब होतं. शेल पावसाळ्यातही वापरात राहतं, धुतलं जातं, टिकतं. पॅडिंगवालं अकरा महिने ट्रंकेत. आणि गोदाकाठ, सुती बनियन घालणाऱ्याला पॅडिंगवालं जॅकेटही वाचवत नाही. उलट त्यात घाम जास्त येतो.

कापड_गिरणी

माझं म्हणणं तुमच्या पारड्यात टाकू नका. ट्रेकचं शेल आणि स्कीचं शेल यांच्यात फरक आहे. स्कीच्या जॅकेटात कमरेला आतून लवचीक पट्टा असतो, पडल्यावर बर्फ खालून वर शिरू देत नाही. मनगटाला आतली बाही असते, हूड हेल्मेटवर बसेल एवढं मोठं असतं. पावसाळी ट्रेकचं शेल घेऊन गेलात तर पहिल्याच पडण्यात कमरेतून बर्फ आत.

गोदाकाठ

हेच म्हणतोय मी. पावसात चालतं म्हणून स्कीचं जॅकेट निवडायचं म्हणजे बैलपोळ्याच्या झुलीवरून नांगराचा बैल निवडण्यासारखं आहे.

आणि महिना कोणता तेही बघा ना. काश्मिरात २१ डिसेंबरपासून चिल्लई कलानचे चाळीस दिवस असतात, तेव्हाचा बर्फ कोरडा, झटकला की पडतो. त्या दिवसांत ऊब आधी, वॉटरप्रूफ नंतर. मार्चकडं सरकलात की दुपारी बर्फ ओला, मग पाणी आधी. सगळ्यांना एकच औषध देऊ नका.

बालाघाटी

महिन्याचं मान्य, पण म्हणूनच तर थर वेगळे हवेत! जानेवारीत आत दोन घाला, मार्चात एक. शिवलेलं पॅडिंग महिना बघून पातळ होत नाही. मी म्हणतो ते स्कीचंच शेल घ्या, बिनपॅडिंगचं. कमरेच्या पट्ट्यासकट.

परभणीचा_बाप

नमस्कार मंडळी. तुमचं भांडण वाचायलाय, पण माझं डोकं जास्तच गरगरायलंय. पोरगी फेब्रुवारीत गुलमर्गला जायलीय, कोर्सला. तिच्या मामानं स्वेटरच्या बाजारातून पिसांचं म्हणून एक फुगीर जॅकेट आणून दिलंय. तेच पाठवू का नवं घेऊ? खर्चाचा विचार करून सांगा, उगं मोठाली नावं सांगू नका.

मांजराकाठची

काका, पिसांचं असेल तर ते एकटं उतारावर नको. पिसं ओली झाली की गोळा होतात आणि ऊब जाते. कृत्रिम भराव ओला झाला तरी थोडीफार ऊब धरतो. आधी खरंच पिसं आहेत का बघा. चिमटीत धरल्यावर आत कुठं कुठं बारीक काडी लागते का? सगळीकडं सारखाच मऊ कापूस लागला तर ते पॉलिएस्टर आहे, आणि ओल्यात ते उलट बरं. काही असलं तरी संध्याकाळी खोलीवर घालायला ते जॅकेट झकास. प्रवासात दाबून भरलं तर चालेल, पण घरी वर्षभर दाबून ठेवू नका, फुगवटा मरतो.

बहुतेक कोर्समध्ये स्की, बूट, काठ्या मिळतात, कपड्यांचं मात्र संस्थेलाच फोन करून विचारा. मग उरलेल्या पैशात पँट आधी.

सोयाबीन_भाव_काय

काका, नात्यात विचारा ना. लष्करात किंवा सीमा सुरक्षा दलात कोणी नाही का? आमच्या गावातला निम्मा हिवाळा त्यांच्याच जुन्या जॅकेटांवर निघतो.

कापड_गिरणी

जुनं घेतलंत तर हूडच्या आणि खांद्याच्या शिवणी आतून बघा. टेप उचकटली असेल तर फुकट मिळालं तरी महाग. आणि नळाखाली धरा. पाणी थेंब होऊन घसरलं तर ठीक. पसरलं, कापड काळपट ओलं झालं, तर लेप पुन्हा मारावा लागेल. तो फवाऱ्यात किंवा धुताना घालायच्या द्रवात मिळतो, घरीच होतं.

बालाघाटी

काका, माझं सांगणं: स्कीचं साधं शेल, १०,००० चं, पूर्ण टेप मारलेलं, काखेत चेन. आत जाड फ्लीस. मामाचं जॅकेट पातळसर असेल तर फार थंडीच्या दिवशी तेच शेलच्या आत घालता येईल, पैसे वाया नाहीत. सुती बनियन नको, त्याऐवजी पॉलिएस्टरचं नाहीतर मेरिनो लोकरीचं थर्मल.

परभणीचा_बाप

मामाचं जॅकेट आत बसंल का?

गोदाकाठ

बसलं तर बसलं. शेल मागवताना फ्लीस आणि ते जॅकेट दोन्ही अंगावर घालून माप बघा. हात पूर्ण वर करायला लावा. बाही मनगटाच्या वर सरकली किंवा कमरेतून सदरा दिसला तर त्याच दिवशी परत करा, एक माप मोठं घ्या. खिशात नाकतोंड झाकायचं कापड आणि सन क्रीम टाका, बर्फावरून ऊन परत चेहऱ्यावर येतं. पॅडिंगबद्दल माझं मत तेच आहे, पोरगी पहिल्यांदाच जायलीय म्हणून तर जास्तच.