मदत हवी आहे: पटावर 63, आधार वैध 58. तिसरं पद वाचेल का?

बीड जिल्ह्यातली जि. प. शाळा, पहिली ते पाचवी. जनरल रजिस्टरला 63 मुलं, सरलवर (राज्याच्या विद्यार्थी नोंदणी पोर्टलवर) आधार वैध, म्हणजे आधारशी माहिती जुळलेली, फक्त 58. आरटीईप्रमाणे 60 पर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन. संचमान्यता (पटावरून शिक्षकांची पदं ठरवणं) वैध आकड्यावर झाली तर मंजूर असलेलं तिसरं पद जातं. राहिलेल्या पाचांपैकी तिघांची माहिती जुळत नाही, एकाचं आधारच काढलेलं नाही आणि एक मूल दुसऱ्या शाळेच्या पटावरही दिसतं. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतील. आधी कशाला हात घालावा?

फळाखडू: आधी तिघांचं बघा. नाव, जन्मतारीख की लिंग, नेमकं काय जुळत नाही ते पाहा. रजिस्टरमध्ये आडनाव आधी लिहिलेलं असतं, आधारवर शेवटी; पोर्टलवर भरताना तिथेच घोळ होतो. आधारवर जसं छापलंय तसं, अक्षर न अक्षर भरून पुन्हा पडताळणीला टाका. आधारवर तारीख 01/01 असेल तर बहुधा दाखल्याशिवाय नोंदलेली आहे. पालकांना जन्मदाखला घेऊन आधार केंद्रावर पाठवा. आधारमधली तारीख एकदाच बदलून मिळते, म्हणून दाखल्यावरची तारीख रजिस्टरशी आधी ताडून बघा. आधारशी जुळवायला म्हणून रजिस्टरमध्ये मात्र खाडाखोड करू नका, उद्या दहावीच्या वेळी ते त्या पोराच्या अंगाशी येतं.

शिवारकर: दुबार नोंदीचं, म्हणजे दोन शाळांच्या पटावर असलेल्या मुलाचं, फोनवर मिटत नाही. मूल खरोखर तुमच्या वर्गात बसत असेल तर दुसऱ्या शाळेने त्याला ‘शाळा सोडली’ दाखवायला हवं. मग ते युडायस प्लसच्या (केंद्राच्या शाळा-विद्यार्थी नोंद पोर्टलच्या) ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत, येतं आणि पेन क्रमांक (विद्यार्थ्याचा कायमचा क्रमांक) व जन्मतारीख टाकून तुम्हाला घेता येतं. युडायसची संदर्भ तारीख 30 सप्टेंबर, त्यामुळे हे आत्ताच हलवा.

ऊसतोडीला आई-बापाबरोबर जाणाऱ्या मुलांचं नाव कमी करू नका, शाळा सोडल्याचा दाखलाही देऊ नका. शिक्षण हमी कार्ड द्या. कारखान्याजवळच्या शाळेने कार्डावर मूल बसवून घ्यायचं असतं. तिथे नवा प्रवेश झाला की पुढच्या वर्षी पुन्हा हीच दुबार नोंद. आजी-आजोबा गावात राहणार असतील तर हंगामी वसतिगृहाचा (ऊसतोडीच्या काळात गावात राहिलेल्या मुलांच्या सोयीचा) प्रस्ताव टोळ्या निघायच्या आधीच पाठवा. नाव पटावर राहिलं तरी सहा महिने वाचन सुटलेलं पोर मागेच पडतं, खरं नुकसान ते आहे.

प्रश्नकर्ता: आभार. प्रवर्गनिहाय तक्ताही जुळत नाहीये. सरलवर वंजारी, बंजारा वेगळे दिसतात, युडायसला तशी रकानेच नाहीत.

फळाखडू: युडायसला सामाजिक प्रवर्ग चारच: खुला, अजा (अनुसूचित जाती), अज (अनुसूचित जमाती), इमाव (इतर मागास वर्ग). सरलवर बंजारा विजा-अ (विमुक्त जाती), धनगर भज-क (भटक्या जमाती), वंजारी भज-ड. म्हणून दोन्हीकडची फक्त एकूण संख्या ताडा. नवबौद्ध मूल अजा प्रवर्गातही येतं आणि अल्पसंख्याकांच्या तक्त्यात बौद्ध म्हणूनही, ते वेगळे तक्ते आहेत. त्यांची बेरीज केली की पट फुगलेला दिसतो.

आणि 61 च्या इतकं काठावर राहू नका. 31 डिसेंबरपर्यंत 6 वर्षं पूर्ण होणाऱ्या मुलांची यादी अंगणवाडी सेविकेकडून घ्या, वस्तीवरची सुटलेली दोन-तीन नावं त्यातच सापडतात.